शॉर्टस्टॉपवर पैसे वाचवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत जुन्या बेसबॉलपटूंच्या काल्पनिक लीगवर अर्धं पान आलं. ते मी इथे बाल्टिमोरमध्ये सकाळच्या चहाबरोबर ई-पेपरवर वाचलं आणि मनापासून आनंद झाला. गेली पस्तीसहून जास्त वर्षं मी हा खेळ खेळते आहे, पण त्याविषयी मराठीत छापलेलं कधी वाचायला मिळालं नव्हतं. लेखाच्या शेवटी नवख्यांसाठी दिलेला सल्ला मात्र मला पटला नाही. सगळ्यांत मोठ्या सरासरीचे आणि सगळ्यांत जास्त होमरनचे (चेंडू थेट मैदानाबाहेर मारण्याचे) खेळाडू आधी घ्यावेत, उरलेल्या पैशांत पिचर (चेंडू टाकणारे) आणि बाकीच्या जागा भराव्यात, असं त्यात म्हटलं आहे. नेमकं असंच करून माझ्या सख्ख्या भाच्याचा संघ बुडाला. तो सगळा हिशेब माझ्याकडे कागदावर आहे, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

ज्यांनी लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. खऱ्या बेसबॉलमधल्या खेळाडूचा एकेक हंगाम म्हणजे इथलं एकेक कार्ड. बेब रूथ हवा असेल तर कुठल्या सालचा ते सांगावं लागतं. १९२७ चा घेतला तर ६० होमरनचा रूथ मिळतो. प्रत्येकाला सारखेच लुटुपुटूचे पैसे मिळतात, त्यात लिलावात बोली लावून सगळा संघ बसवायचा आणि १६२ सामन्यांचा हंगाम खेळायचा. टेबलावरच्या खेळांत एपीबीए १९५१ पासून आहे, हॅल रिचमन यांचा स्ट्रॅट-ओ-मॅटिक १९६१ पासून. आता डायमंड माइंड, आउट ऑफ द पार्क असे संगणकावरचे खेळही आहेत. पैसे लावायच्या ॲपशी याचा काही संबंध नाही. तिथे उद्याच्या सामन्यावर पैसे लावतात. इथे ज्यांचे आकडे आपण वापरतो ते सामने कधीच होऊन गेलेत आणि आकडे सगळ्यांपुढे उघडे आहेत. ते कोण नीट वाचतो, यावर जिंकणं-हरणं ठरतं.

मी १९८७ साली लग्न होऊन सांगलीहून इथे आले. शेजारी एक कृष्णवर्णीय निवृत्त पोस्टमन राहायचे. आमच्या घरात सगळे त्यांना काकाच म्हणायचे. पहिल्याच हिवाळ्यात बर्फाने रस्ते बंद झाले तेव्हा त्यांनी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर इथल्या ओरिओल्स संघाची १९८२ ची कार्डं मांडली आणि एक पांढरा, दोन लाल फासे माझ्या हातात दिले. पांढऱ्यावर एक, दोन किंवा तीन पडलं की निकाल बॅटरच्या कार्डावर बघायचा. चार, पाच किंवा सहा पडलं की पिचरच्या कार्डावर. लाल फाशांच्या बेरजेवरून ओळ शोधायची. दोन-चार डाव झाल्यावर काकांनी विचारलं, यावरून तुला काय कळलं? मी म्हटलं, निम्मा खेळ पिचरचा आहे. ते इतके खूश झाले की उठून माझ्या सासूबाईंना सांगायला गेले.

आता भाच्याचा संघ. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मित्रांबरोबर संगणकावरच्या एका लीगमध्ये उतरला. त्याने घेतला १९२७ चा रूथ, १९२४ चा रॉजर्स हॉर्न्सबी (सरासरी ०.४२४, म्हणजे हजार संधींत बेस मिळवून देणारे ४२४ फटके), १९३० चा हॅक विल्सन (५६ होमरन) आणि १९३० चा चक क्लाइन (सरासरी ०.३८६, ४० होमरन). निम्म्याहून जास्त पैसे या चौघांतच संपले. पिचर मग उरलंसुरलं बघून घेतले, आणि शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागेवर, असा एक जण उभा केला की ज्याला बॅटिंग येते पण चेंडूपर्यंत पोचता येत नाही. हंगाम संपला तेव्हा त्याच्या संघाच्या धावा ८७१ होत्या आणि समोरच्यांना दिलेल्या १०१०. ६८ सामने जिंकले, ९४ हरले.

"मावशी, नशीबच फुटकं गं," असं तो फोनवर म्हणाला. मी त्याला वही-पेन घेऊन बसवलं. बिल जेम्स यांनी बेसबॉलच्या आकड्यांवर आयुष्यभर काम केलं, त्यांचं एक साधं सूत्र आहे. केलेल्या धावांचा वर्ग घ्यायचा, त्याला केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागायचं. त्यावरून किती सामने जिंकायला हवे होते ते कळतं. भाच्याचं उत्तर आलं ६९. प्रत्यक्षात जिंकले ६८. म्हणजे नशिबाने त्याचा एकच सामना नेला, बाकीचे त्याने लिलावाच्या दिवशीच घालवले होते. मग मी त्याला तेच गणित पुन्हा करायला लावलं, एकही धाव न वाढवता, फक्त दिलेल्या धावा १०१० च्या ८०० करून. उत्तर आलं ८८ विजय. तो बराच वेळ गप्प होता.

यातली विलक्षण गोष्ट अशी की त्याने घेतलेला चक क्लाइन १९३० साली ज्या फिलाडेल्फिया फिलीज संघात होता, त्या संघाच्या बाबतीत खरोखरच हे सगळं घडलं होतं. त्या अख्ख्या संघाची सरासरी ०.३१५ होती. क्लाइनच्या जोडीला लेफ्टी ओडूल ०.३८३ ने मारत होता. आणि संघ? ५२ विजय, १०२ पराभव, तळाचं स्थान. त्यांच्या पिचरांनी दर नऊ इनिंगला, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, ६.७१ धावा दिल्या, त्याही क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे झालेल्या सोडून. आपल्या पुरवणीतला सल्ला तंतोतंत पाळणारा संघ इतिहासात होऊन गेला आहे आणि त्याचा निकालही नोंदलेला आहे.

त्या सालाबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण नवखे लोक सगळ्यांत जास्त इथेच फसतात. १९३० मध्ये पूर्ण नॅशनल लीगचीच सरासरी ०.३०३ होती, म्हणजे साधा बॅटरही तीनशेच्या आसपास. उलट १९६८ साली अमेरिकन लीगमध्ये तीनशेच्या वर एकटा कार्ल यास्त्रेम्स्की होता, तोही ०.३०१ वर. त्या वर्षी पिचरांचं इतकं राज्य होतं की पुढच्याच वर्षी पिचर ज्यावर उभा राहतो त्या उंचवट्याची उंची १५ इंचांवरून १० इंचांवर आणावी लागली. तेव्हा कुठल्याही लीगमध्ये नाव घालण्याआधी एक गोष्ट विचारून घ्यावी : इथे आकडे जसेच्या तसे धरतात, की त्या-त्या सालच्या सरासरीशी ताडून? ताडून धरत असतील तर १९६८ चा यास्त्रेम्स्की १९३० च्या साडेतीनशेवाल्यापेक्षा चांगला ठरतो, आणि बहुतेक वेळा स्वस्तही पडतो. भाच्याच्या लीगमध्ये ताडून धरत होते. नियमांच्या पहिल्याच पानावर तसं लिहिलेलं होतं, त्याने ते वाचलं नव्हतं.

पिचरांचंही तसंच. बॉब गिब्सनचा १९६८ चा दर नऊ इनिंगला दिलेल्या धावांचा आकडा १.१२, तर पेद्रो मार्टिनेझचा २००० सालचा १.७४. नुसतं बघितलं तर गिब्सन मोठा. पण पेद्रोच्या त्या वर्षी अमेरिकन लीगमध्ये सर्वसाधारण आकडा ४.९१ होता आणि त्याच्या पाठोपाठचा माणूस होता ३.७० वर. म्हणून सालाशी ताडणाऱ्या लीगमध्ये पेद्रोला तोड नाही. तरीही मी माझ्या संघात बऱ्याचदा गिब्सनच घेते. कारण इनिंग. गिब्सनने त्या हंगामात ३०४ इनिंग टाकल्या, पेद्रोने २१७. एका हंगामाला सुमारे १४५८ इनिंग लागतात, १६२ गुणिले ९. त्या कोणाकडून टाकून घ्यायच्या हे आधी कागदावर मांडावं लागतं. पिचरने खऱ्या हंगामात जेवढं टाकलं त्यापेक्षा जास्त राबवलं की बहुतेक खेळांत तो थकतो आणि त्याचं कार्ड घसरतं. भाच्याचे बरे पिचर ऑगस्टमध्येच संपले होते. मी सत्तावीस वर्षं एका रुग्णालयाच्या हिशेब विभागात काढली. महिनाअखेरीला किती शिल्लक राहील हे महिन्याच्या पहिल्या तारखेला बघायचं, ही तिथली सवय मला इथे सगळ्यांत जास्त उपयोगी पडली. काही जण यावर तोडगा म्हणून फार जुन्या काळात जातात. १९०८ साली शिकागोच्या एड वॉल्शने एकट्याने ४६४ इनिंग टाकल्या होत्या. असा एक पिचर असला की मोठाच आधार मिळतो. मात्र आपल्या खेळात त्या जुन्या, होमरन क्वचितच होणाऱ्या काळाचा हिशेब कसा धरला आहे, तेवढं पाहून घ्यावं.

बॅटरकडे बघतानाही सरासरीच्या आधी तो बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या टप्प्यावर, किती वेळा पोचतो ते बघावं. नऊ इनिंगमध्ये आपल्याला सत्तावीस आउट मिळतात, आणि आउट न होणं हेच बॅटरचं पहिलं काम. जीन टेनास नावाचा कॅचर (बॅटरमागे चेंडू झेलणारा) होता. त्याची कारकिर्दीतली सरासरी ०.२४१. आमच्या लिलावात त्याचं नाव आलं की लोक फोन बघू लागतात. पण तो इतके वॉक (चार खराब चेंडूंवर फुकट मिळणारा पहिला बेस) घ्यायचा की बेसवर पोचण्याचं त्याचं प्रमाण ०.३८८ आहे. म्हणजे तीनशेची सरासरी मिरवणाऱ्या कित्येकांपेक्षा तो जास्त वेळा बेसवर असतो, शिवाय कॅचरची जागा भरतो. बॅरी बाँड्सचा २००४ चा हंगाम या बाबतीत सगळ्यांच्या वर आहे, २३२ वॉक आणि प्रमाण ०.६०९. पण तो घेतला की भाच्याच्या रूथसारखं होतं, बाकीच्या संघाला पैसे उरत नाहीत. मला टेनाससारखे तीन जण चालतात.

आता मैदानाच्या मधल्या कण्याबद्दल. कॅचर, सेकंड बेस, शॉर्टस्टॉप आणि सेंटर फिल्ड. पत्राला मी जे शीर्षक दिलं आहे ते इथलंच.

गेल्या फेब्रुवारीत आमच्या लीगची अंतिम मालिका होती, सातवा सामना. आम्ही बारा जण, आमच्याच तळघरात, टेबलाभोवती खुर्च्या कमी पडल्या म्हणून दोघे जिन्यावर बसलेले. नववी इनिंग, मी ४-३ ने पुढे, एक आउट, समोरच्यांची पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर माणसं, आणि बॅटिंगला १९२४ चा हॉर्न्सबी. फासे समोरच्याने टाकले. पांढरा पाच, लाल मिळून आठ. पांढरा पाच म्हणजे माझ्या पिचरचं कार्ड. मी बोट ठेवून ओळ शोधली. तिथे होतं : जमिनीवरून चेंडू, शॉर्टस्टॉपकडे, आणि पुढे एक्स. एक्स म्हणजे निकाल ना बॅटरचा ना पिचरचा, तो क्षेत्ररक्षकाच्या हातात. आता वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि शॉर्टस्टॉपच्या दर्जाप्रमाणे तक्त्यात बघायचं. एक दर्जा सगळ्यांत चांगला, पाच सगळ्यांत वाईट. पिचरच्या कार्डांवर असे एक्स सगळ्यांत जास्त शॉर्टस्टॉपचे असतात, त्याखालोखाल सेकंड बेसचे. फासा गडगडत कार्डांच्या पत्र्याच्या डब्याला जाऊन थडकला आणि थांबला. एकच्या रकान्यात लिहिलं होतं, डबल प्ले, म्हणजे एकाच चेंडूवर दोन आउट. त्याच ओळीत चारच्या रकान्यात होतं, सिंगल, म्हणजे बॅटर पहिल्या बेसवर सुखरूप. सामना संपला, चषक माझ्या हातात आला. रकाना चारचा असता तर सामना बरोबरीत आला असता आणि दोन माणसं अजून बेसवर असती.

माझा शॉर्टस्टॉप होता मार्क बेलांजर. ओरिओल्सचा, याच शहराचा. कारकिर्दीतली सरासरी ०.२२८, आणि १९६९ ते १९७८ च्या दरम्यान उत्तम क्षेत्ररक्षणासाठीचे आठ गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार. लिलावात तो मला जवळजवळ किमान किमतीला मिळाला होता, कारण सगळे बॅटिंगचा रकाना बघत होते. त्या रात्री भाचा सांगलीहून व्हिडिओ कॉलवर होता, तिथे सकाळ होती. तो ओरडला ते वरच्या खोलीत झोपलेल्या आमच्या ह्यांना ऐकू गेलं.

काकांच्या त्या पहिल्या संचातून शिकलेली आणखी एक गोष्ट मी कधी सोडली नाही. बॅटरच्या कार्डाचे दोन भाग असतात, एक डावखुऱ्या पिचरसमोर, दुसरा उजव्या. १९८२ च्या ओरिओल्समध्ये संघाचे व्यवस्थापक अर्ल वीव्हर डावखुऱ्या जॉन लोवेनस्टीनला उजव्या पिचरसमोर आणि उजव्या गॅरी रोनिकीला डाव्या पिचरसमोर उतरवायचे. त्या वर्षी लोवेनस्टीनने २४ होमरन मारले, रोनिकीने २१. दोघांतला एकही तारा नव्हता. दोघांची किंमत मिळून एका ताऱ्याच्या निम्मीही होत नाही. काका ही दोन कार्डं एकमेकांना पाठ लावून ठेवायचे आणि सांगायचे, हा एकच खेळाडू आहे.

मैदानाबद्दल फार लिहीत नाही, पण संघाआधी मैदान निवडावं. मेल ऑटच्या ५११ होमरनपैकी ३२३ न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर झाले, जिथे उजवी भिंत अगदी जवळ होती. तुमच्या लीगमध्ये घरचं मैदान निवडता येत असेल तर ८१ सामने तिथे होणार आहेत. त्याला साजेसे डावखुरे-उजवे बघून घ्यावेत.

आणखी एक उणीव मला त्या लेखात जास्त जाणवली. निग्रो लीगच्या खेळाडूंचा त्यात एका शब्दानेही उल्लेख नाही. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला, तोवर विसाव्या शतकातल्या काळ्या खेळाडूंना मोठ्या लीगची, म्हणजे मेजर लीगची, दारं बंद होती. ते त्यांच्या स्वतःच्या लीगमध्ये खेळले. काका लहानपणी वडिलांचं बोट धरून बुगल फील्डवर बाल्टिमोर एलीट जायंट्सचे सामने बघायला जायचे. इथले लोक ते नाव 'ई-लाइट' असं उच्चारतात, आणि मी चुकले की काका प्रत्येक वेळी सुधारायचे. पुढे ब्रुकलिनला गाजलेला कॅचर रॉय कॅम्पनेला तरुणपणी इथे खेळला. मेजर लीगने डिसेंबर २०२० मध्ये या लीगना बरोबरीचा दर्जा दिला आणि मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदीत मिळवले. कारकिर्दीत ०.३७२ सरासरीचा जॉश गिब्सन आता, तोवर पहिल्या असलेल्या टाय कॉबच्या वर आहे. काका २०११ मध्ये गेले, त्यांना हे बघायला मिळालं नाही. ज्या दिवशी ती बातमी आली त्या दिवशी मी त्यांचा डबा काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ तशीच बसले.

संघ बांधणाऱ्याने या कार्डांकडे दोन्ही अंगांनी बघावं. ते हंगाम छोटे असायचे, म्हणून एखादा आकडा फार उंच दिसतो. १९४३ च्या जॉश गिब्सनची सरासरी ०.४६६ आहे. अशा वेळी त्या खेळाडूचे दोन-तीन हंगाम शेजारी ठेवून वाचावेत. गिब्सन कसाही ठेवला तरी गिब्सनच राहतो, पण सगळ्यांचं तसं नाही. दुसरं म्हणजे, त्या संघांत माणसं कमी असायची, त्यामुळे एकेक जण दोन-तीन कामं करायचा. लिऑन डे याच शहरात वाढला. तो पिचर होता आणि सेकंड बेस आणि आउटफिल्डलाही खेळायचा. १९४६ च्या हंगामातल्या पहिल्याच दिवशी त्याने प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट दिली नाही. पंचवीस जणांच्या संघात असा एक माणूस घेतला की एक जागा मोकळी होते, आणि तिथे आपला रोनिकी बसतो. मार्च १९९५ मध्ये त्याची हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे बेसबॉलमधल्या सर्वोच्च मानासाठी, निवड झाली आणि सहा दिवसांनी तो इथेच बाल्टिमोरमध्ये वारला. काकांनी त्याचं कार्ड कधी दुसऱ्यांच्या कार्डांत मिसळू दिलं नाही.

संपादक महोदय, माझी विनंती एवढीच की पुढच्या एखाद्या रविवारी त्या सल्ल्याची दुरुस्ती छापावी. खेळाडूंचा तक्ता पुन्हा दिलात तर सरासरीच्या शेजारी बेसवर पोचण्याचं प्रमाण, पिचरच्या शेजारी इनिंग आणि प्रत्येक आकड्याच्या शेजारी साल द्यावं. निग्रो लीगचे खेळाडूही त्यात असावेत. आपल्याकडे सांगली-कोल्हापूरला आकड्यांत रमणारी पुष्कळ मुलं आहेत, त्यांचा पहिला हंगाम वाया जाऊ नये.

भाच्याचा नवा लिलाव येत्या शनिवारी आहे. काल रात्री त्याचा फोन आला. "मावशी, शॉर्टस्टॉपला किती पैसे ठेवू?" मी आकडा सांगितला नाही. कुठलं मैदान घेतलंस, ते आधी विचारलं.

आपली नियमित वाचक,
बाल्टिमोर, मेरीलँड
(मूळ गाव सांगली)